औषध लावलं आणि केस जास्तच गळायला लागले?

सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. बसलेल्याला समोरच्याचा चेहरा दिसतो, उभ्याला मात्र बसलेल्याची टाळू दिसते. विशीतच ज्याचे केस विरळ व्हायला लागलेत, त्याला हे कुणी सांगावं लागत नाही. बसायला जागा मिळाली तरी तो डोक्यावरची टोपी काढत नाही.

मग एक दिवस स्टेशनजवळच्या मेडिकलमधून मिनॉक्सिडिलची बाटली घरी येते. पॉकेटमनीतून घेतलेली, कपाटात कपड्यांच्या मागे लपवलेली. दोन-तीन आठवडे नेमाने लावल्यावर उशीवर, कंगव्यात, बाथरूमच्या जाळीवर केसच केस! आधी होते त्याहून जास्त. ‘औषधानंच वाट लावली’ असं म्हणत बाटली कचऱ्यात जाते. पैसे गेले, केस गेले आणि कुणाला सांगायचीही सोय नाही.

बाटली फेकण्याआधी जरा थांबा आणि हे गणित बघा.

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. एका वेळी साधारण दहा टक्के, म्हणजे 10 हजार केस विश्रांतीत असतात. ते शंभरेक दिवसांत गळणार, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास. आजीच्या गुंतवळाचा हिशेब हाच होता.

मिनॉक्सिडिल ही विश्रांती आखूड करतं. मुळाला ‘चल, नवा केस काढ’ असं सांगतं. साहजिकच पुढच्या दोन-तीन महिन्यांत सावकाश गळणारे केस थोड्याच दिवसांत एकदम बाहेर पडतात. हे केस तसेही जाणारच होते, फक्त त्यांची तारीख अलीकडे आली. ही गळती बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात दिसते आणि पुढे ओसरते. पानगळीत झाड वाळल्यासारखं दिसतं म्हणून कुणी ते तोडत नाही, तसंच हे.

पण ही गळती सगळ्यांनाच होते असं नाही. झाली म्हणजे औषध नक्की लागू पडणार असंही नाही आणि नाही झाली म्हणजे वाया गेलं असंही नाही. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, नीट अंदाज यायला वर्ष. शिवाय औषध सोडलं की आलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात. म्हणजे हा एका बाटलीचा खर्च नाही, दर महिन्याचा आहे. तो झेपेल का, हे सुरुवात करतानाच विचारायला हवं.

आमची तक्रार आहे ती इथेच. हे औषध मुळात रक्तदाबासाठी होतं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, म्हणून डोक्याला लावायचं औषध तयार झालं आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या गळतीची माहितीही काही नवी नाही. तरी काउंटरवर बाटली देताना ‘पहिले काही आठवडे केस जास्त गळतील, घाबरू नका’ हे एक वाक्य कुणी बोलत नाही. रीलमध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो असतात, मधले दोन महिने गायब!

दुसरी बाजूही लक्षात घ्या. प्रत्येक गळती ‘औषधाची’ म्हणून अंगावर काढू नका. गोल चट्टे पडले, टाळू लाल झाली, खाज थांबेना, छातीत धडधडलं, चक्कर आली किंवा पाय सुजले, तर औषध बंद करून डॉक्टरांकडे जा. डेंग्यू-टायफॉइडच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनीही केस झपाट्याने जातात. रक्त कमी असणं, थायरॉइड, उपाशीपोटी केलेलं डाएट हीही कारणं असतात, मुलींमध्ये तर जास्तच. तिथे बाटली नाही, आधी रक्ततपासणी. फिनास्टेराइडची गोळी तर मित्राच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नका. तिचे लैंगिक आणि मानसिक दुष्परिणाम होऊ शकतात, त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नकोच.

आपल्याकडे केस गळाले की पहिलं बोट पाण्याकडे जातं. ‘बोअरचं पाणी आहे ना, म्हणून!’ जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही गावांत माणसांचे केस अचानक गेले, तेव्हाही आधी पाण्यावर आणि शॅम्पूवर संशय आला. पुढे आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले गेले आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. अंदाज बांधणं सोपं असतं, कारण तपासूनच कळतं.

म्हणून सुरुवात बाटलीपासून नको, तपासणीपासून करा. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. खासगी फी परवडत नसेल तर उल्हासनगरच्या सेंट्रल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. औषध सुरू केलंच, तर पहिल्या दिवशी टाळूचा एक फोटो काढा आणि मग महिन्यातून एकदाच, त्याच उजेडात. रोज जाळीवरचे केस मोजत बसू नका.

आणि घरी एकाला तरी सांगा. कपाटातली बाटली आईला कधी ना कधी सापडणारच आहे. मित्रांनो, तुमच्यासाठीही एक सांगणं: ग्रुपवर ज्याला तुम्ही ‘टकल्या’ म्हणता, तो कदाचित आत्ता तिसऱ्या आठवड्यात असेल. त्याला एक वाक्य सांगायचं राहून गेलंय. ते तुम्ही सांगा.