विशेष न्यायालय आणि उसाचा हंगाम

बीड जिल्ह्यातील तेलगाव हे साखर कारखान्याचे गाव. तरीही दसरा-दिवाळी उलटली, की या परिसरातील अनेक मजूर कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. त्यांत भूमिहीन दलित कुटुंबेही असतात. अशा कुटुंबावर जातीय अत्याचार झाला आणि साक्षीची तारीख ऐन हंगामात लागली, तर साक्षीदाराने काय करावे? विशेष न्यायालयांच्या यशापयशाची चर्चा या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ मध्ये संमत झाला, तेव्हाच त्यात विशेष न्यायालयांची तरतूद होती. प्रत्यक्षात सत्र न्यायालयांनाच तो दर्जा देण्यात आला आणि हे खटले इतर फौजदारी खटल्यांच्या रांगेत उभे राहिले. ही उणीव जाणून २०१५ च्या दुरुस्तीने केवळ याच खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालयांची, दररोज सलग सुनावणीची आणि शक्यतो दोन महिन्यांत निकालाची तरतूद केली.

परंतु केवळ वेगाने न्याय होत नाही, हा खैरलांजीचा धडा आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. दोन वर्षांत भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. मात्र, हत्येमागे जातीय हेतू असल्याचे न्यायालयाने मान्य केले नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा झाली नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला. जातीय हेतू सिद्ध होतो तो काटेकोर तपासाने आणि निर्भयपणे उभ्या राहिलेल्या साक्षीदारांमुळे. न्यायालयाच्या दारावरील पाटीने नव्हे.

साक्षीदार उभा राहावा, यासाठी कायद्याने सोय केलेली आहे. १९९५ च्या नियमांनुसार पीडितांना आणि साक्षीदारांना प्रवासखर्च तसेच किमान वेतनाहून कमी नसलेला दैनिक भत्ता मिळायला हवा. २०१५ च्या दुरुस्तीने तर संरक्षण, पुनर्वसन आणि गरज पडल्यास स्थलांतर हेही त्यांचे हक्क ठरविले. पण उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही, अशा मजुराला एका दिवसाचा भत्ता पुरेसा नाही. त्याची साक्ष हंगामापूर्वी नोंदवून घेणे, हाच व्यवहार्य उपाय होय. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने प्रलंबित खटल्यांचा आढावा घेताना ऊसतोडीचे वेळापत्रकही समोर ठेवले पाहिजे.

साक्षीदार फडात आणि आरोपी गावात, ही स्थिती बदलत नाही तोवर ‘विशेष’ हे विशेषण कागदावरच राहील.