निर्मूलन कुणाचं? रोगाचं की रोग्याचं?

रात्रीचे दोन. सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी. बाकड्यावर मी मुटकुळं करून पडलोय. मांड्या, पाठ, छातीचा पिंजरा, एकेका हाडात कुणीतरी तापलेली सळई घालून फिरवतंय. शिकाऊ डॉक्टर येतो. चोवीस-पंचवीसचं पोरगं. माझ्या हातावरच्या सुयांच्या खुणा बघतो आणि विचारतो, "इंजेक्शनची सवय कधीपासून?"

"साहेब, एसएस पॅटर्न आहे."

"सिकलसेल? ते तर लहान पोरांचं असतं ना?"

दोस्तहो, मी छत्तीस वर्षांचा आहे. लहानपणी मेलो नाही, एवढाच माझा गुन्हा. पोरांच्या डॉक्टरनं अठराव्या वर्षी हात वर केले. मोठ्यांच्या डॉक्टरला मी खोटारडा वाटतो, नाहीतर नशेबाज. या दोन डॉक्टरांच्या मधे जी मोकळी जागा आहे, तिथं आमच्यासारखी माणसं संसार करतात, नोकऱ्या शोधतात, म्हातारी होतात. त्या जागेबद्दल बोलायचंय. ऐकून घ्या.

सिकल म्हणजे विळा. विळा म्हटलं की आपल्या लोकांना लाल झेंडा आठवतो आणि लगेच भांडण सुरू होतं. हा विळा झेंड्यावरचा नव्हे, रक्तातला. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जीनमध्ये एका अक्षराची चूक असते, तेवढीच. तेवढ्यानं रक्तातल्या गोल, लवचीक तांबड्या पेशी अंगातला प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या मांसाला, हाडाला रक्त मिळत नाही आणि कळा सुटतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, आमची दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात. वय वाढतं तसा खुब्याचा सांधा रक्ताविना सडतो, मूत्रपिंड थकतं, पायावरच्या जखमा भरत नाहीत. म्हणजे हा पोरांचा आजार नाहीच. पोरपणी तो ओळख करून देतो, हिशेब चुकता करतो मोठेपणी.

आता मुद्द्यावर या. आपण पँथर हे नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्यांचं काळं जाकीट आपल्याला माहीत आहे, वळलेली मूठ माहीत आहे, बंदूक तर तोंडपाठ. पण १९७१ पासून हेच पँथर काळ्यांच्या वस्त्यांत टेबलं मांडून बसले होते आणि बोटाला सुई टोचून फुकट सिकलसेलची तपासणी करत होते, हे कितीजणांना माहीत आहे? त्यांचं म्हणणं सरळ होतं. हा आजार काळ्यांना होतो म्हणून गोऱ्या सरकारला त्याची पडलेली नाही. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेनं सिकलसेलचा कायदा केला. त्याच मे महिन्यात मुंबईत दलित पँथर जन्माला आली.

आणि आपल्याकडे? नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या आपल्या लोकांच्या रक्तातला सिकल जगाच्या वैद्यकीय मासिकांत नोंदवला होता. म्हणजे पँथर जन्मायच्या चौदा वर्षं आधी विदर्भातल्या महारवाड्यातलं रक्त काचेवर घेऊन तपासून झालं होतं. आपण नाव घेतलं, डरकाळी घेतली. टेबल आणि सुई तेवढी तिकडंच राहिली. मी शाळेपासून मोर्चे पाहतोय. एकाही सभेत या आजारावर पाच मिनिटांचं भाषण मी ऐकलेलं नाही. स्टेजवरून सांडणारं रक्त पुष्कळ ऐकलं, तपासायचं रक्त कुणी काढलं नाही.

सरकार मात्र जागं झालंय. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन. भर आदिवासी भागावर. तो तिथं असलाच पाहिजे, आदिवासी भावाशी आपलं भांडण नाही. त्याचा दवाखाना आपल्याहून लांब आहे. तपासणीलाही विरोध नाही. बाळ जन्मताच आजार कळला, लस आणि औषध वेळेवर मिळालं तर ते बाळ वाचतं.

पण निर्मूलन हा शब्द नीट ऐका. वाहक शोधा, कार्ड द्या, दोन वाहकांचं लग्न टाळा, पुढं असं मूल जन्मूच देऊ नका. बरं, आणि जे जन्मलेत त्यांचं काय? आज जो पंचवीसचा आहे तो २०४७ साली चाळिशी ओलांडलेला असेल. त्याला नोकरी असेल की नाही, त्याचा खुबा शाबूत असेल की नाही, रात्री दोनला त्याला कळेवरचं इंजेक्शन मिळेल की शिवी? तपासणीचे आकडे पोस्टरवर येतात. जगण्याचे आकडे कुठल्या पोस्टरवर आहेत? डॉक्टर लोक त्याला क्वालिटी ऑफ लाइफ म्हणतात. आमच्या भाषेत, कसं जगून राहिला बे, हा सवाल. तो कुणी विचारतच नाही.

कसं जगतो ते सांगतो. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी पी, ऊन टाळ, थंडी टाळ, अंगमेहनत करू नको, टेन्शन घेऊ नको. हे प्रिस्क्रिप्शन आहे की बंगल्याची जाहिरात? नागपूरचा मे महिना. नाक्यावरचा मजूर, नालीत उतरलेला सफाई कामगार, बिल्डिंगवर विटा वाहणारी बाई. ही बाई दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही, कारण कामाच्या जागी मुतारी नाही. अंगातलं पाणी आटलं की पेशी वाकतात. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर आपला पाण्याचा हक्क बजावला. त्याला शंभर वर्षं होत आलीत आणि ही बाई पाण्यापायी कळा सोसते. तिचं दुखणं रक्तात आहे की ठेकेदारात, ते ठरवा.

मी एका कुरियरच्या गोदामात होतो. महिन्याला दोन-तीन खाडे व्हायचे. मालक म्हणायचा, "दिसतोस तर धडधाकट." हेच आमचं मरण. लंगडलो असतो तर दिसलो असतो. चौथ्या महिन्यात हिशेब हातात दिला. आता एका डीटीपीच्या दुकानात बसतो. बसून काम, हाताशी पाण्याची बाटली. मला हे मिळालं कारण मी चार बुकं शिकलो. न शिकलेल्यानं कुठं जायचं?

कायदा आहे म्हणाल. आहे ना. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे. चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट मिळालं तर उच्च शिक्षणात जागा मागता येते. पण त्याच कायद्याचं कलम ३४ वाचा. सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागा ज्यांना दिल्यात त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिका म्हणतात, कमवा म्हणत नाहीत. ही युक्ती आपल्याला नवी नाही.

औषध आहे का? आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी कॅप्सूल. १९९५ साली अमेरिकेत २९९ रुग्णांवर तिची चाचणी झाली, सगळे मोठे, अठराच्या वरचे. कळा जवळजवळ निम्म्यावर आल्या. १९९८ साली तिकडं मंजुरी मिळाली. ती बरं करत नाही, पण महिन्यातले दिवस परत देते. अट एकच. रोज घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासायचं. आता खिडकीवरचा माणूस "स्टॉक नाही, पुढल्या महिन्यात ये" म्हणाला की संपलं. रोजंदारी बुडवून तीन फेऱ्या मारणारा माणूस चौथी मारत नाही. मग डॉक्टर लिहितो, पेशंट औषध नीट घेत नाही.

अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात जीन दुरुस्त करणारे दोन उपचार मंजूर झाले. किंमत एकाची २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. विज्ञानाला सलाम. पण आमचं भांडण आज कॅप्सूलसाठी आहे आणि कळेच्या वेळी विश्वासासाठी आहे. मॉर्फिनला १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं इतकी कुलपं लावली की दुखणाऱ्याचा हातच पोचेना. २०१४ साली कायदा सैल झाला. कॅज्युअल्टीतला संशय सैल झाला नाही.

आता घरात या. आपल्याच घरात. सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. माझी मोठी बहीण वाहक आहे. आजारी नाही, फक्त वाहक. सोयरीक जमली होती, तिनं खरेपणानं कार्ड दाखवलं आणि मुलाकडचे उठून गेले. दुसऱ्या वेळी मायनं कार्ड पिठाच्या डब्यात लपवलं. म्हणाली, "सांगू नोको कोनाले." कोण चुकलं? दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. जीन आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. पण वस्तीत बोल लागतो फक्त बाईला. बुद्ध वंदना म्हणणाऱ्या घरात हे चालतं, लाज वाटू द्या.

आणि कुणी म्हणत असेल की यांचं रक्तच खराब, तर त्याला सांगा. हा जीन टिकला मलेरियामुळं. वाहकाला मलेरिया सहजी मारत नाही, हे १९५४ सालीच दाखवून झालंय. जिथं मलेरिया तिथं सिकल. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, विदर्भात. त्यात पापपुण्य काही नाही. मात्र जातीतल्या जातीत, पोटजातीतल्या पोटजातीत लग्नं लावली की दोन वाहक एकमेकांसमोर येण्याची शक्यता वाढते. जातीचं मूळ जातीतल्या लग्नात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियातल्या निबंधात मांडलं. जीनचं गणितही तेच सांगतं. पण आंतरजातीय लग्नानं पुढचं मूल वाचेल, माझा खुबा वाचणार नाही. दोन्ही गोष्टी बोला.

अमेरिकेचा एक धडा विसरू नका. तिथं तपासण्या झाल्या, पण गुप्तता पाळली नाही. नुसत्या वाहकांनाही नोकरीत, विम्यात अडवलं. त्यांच्या हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. म्हणून कार्ड ज्याचं त्याच्या हाती. गावभर बोंब नको.

मग करायचं काय? १४ एप्रिलला आपण रक्तदान करतो, फोटो काढतो. त्याच पोरांनी वर्षभर, ज्याला रक्त लागतं त्याच्यासाठी यादी करून उभं राहावं. प्रत्येक वस्तीतल्या दोघांनी रात्री कॅज्युअल्टीला सोबत जावं. दोन शिकलेली माणसं शेजारी उभी असली की डॉक्टरची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात मोठ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस सिकलचा बाह्यरुग्ण विभाग आणि खिडकीवर न तुटणारी कॅप्सूल, यासाठी निवेदन नको, धरणं धरा. कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार घाला, ही मागणी मोर्च्याच्या फलकावर येऊ द्या. आणि कामाच्या जागी पाणी आणि मुतारी. ही मागणी तर सगळ्यांचीच आहे.

त्या रात्री पहाटेकडं मला इंजेक्शन मिळालं. बाजूच्या बाकड्यावर एक एकोणीस वर्षांची पोरगी सलाईन लावून पडली होती. तिच्या मायनं दबक्या आवाजात विचारलं, "भाऊ, किती वर्साचे हा तुमी?"

"छत्तीस."

"इतके वर्स जगते मानूस?"

त्या बाईला अठरा वर्षांत कुणी एवढंही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "जगते ना माय. चांगलं जगता येते. पण त्यासाठी भांडा लागते."

भांडायला कोण कोण येतंय, बोला.

जय भीम.