खुर्चीवरची नमाज

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा टेबलापाशी घुटमळत होता. बाकीची मुले बाहेर पळाल्यावर हळूच म्हणाला, "टीचर, खुर्चीवर बसून पढलेली नमाज अर्धीच कबूल होते का?" मशिदीत कुणी बुजुर्गांनी त्याला टोकले होते, एवढासा पोरगा आणि खुर्ची कशाला? पायजम्याच्या आत गुडघ्याच्या जागी धातूचा सांधा आहे, हे त्यांना कसे दिसणार!

दोन वर्षांपूर्वी त्याचा गुडघा दुखू लागला. खेळताना लागले असेल, वाढीचे वय आहे, असे घरात सगळ्यांना वाटले. खरे सांगायचे तर मलाही. पण दुखणे रात्री वाढायचे, विश्रांतीनेही थांबायचे नाही, मग सूज आली. दोन महिने तेलाची मालिश झाली, हाड बसवणाऱ्याकडे खेपा झाल्या. शेवटी एक्स-रे काढला आणि ऑस्टिओसार्कोमा हा शब्द घरात आला. मुलांच्या हाडाच्या कर्करोगांत हा सर्वांत जास्त आढळतो. उंची झपाट्याने वाढते त्या वयात होतो आणि बहुधा गुडघ्याच्या जवळ. मार लागल्याने तो होत नाही. त्याची अम्मी अजून स्वतःला दोष देते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

सुई लावली की गाठ पसरते, असे सांगणारे नातेवाईक त्यांनाही भेटलेच. बायोप्सीशिवाय निदान होत नाही. मात्र जिथे शस्त्रक्रिया होणार, तिथल्याच डॉक्टरांकडून ती करून घ्यावी. चुकीच्या जागी छेद गेला, तर वाचू शकणारा पायही गमवावा लागतो.

1970 च्या दशकात केमोथेरपी आली. त्याआधी पाय कापूनही पाचांतले जेमतेम एक मूल वाचायचे. आज आजार इतरत्र पसरलेला नसेल आणि उपचार पूर्ण घेतले, तर दहांतली सहा-सात मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. आधीच फुप्फुसात पोहोचला असेल, तर दोन-तीनच. मालिशीत गेलेले महिने म्हणूनच भारी पडतात. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत.

"काही करा, पण पाय वाचवा," असे प्रत्येक घर म्हणते. बहुतेकांचा पाय आता वाचतोही. पण बसवलेला सांधा झिजतो, कधी जंतुसंसर्ग होतो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, धावणे-उड्या बंद. पाय गमावलेली आणि पाय वाचलेली मुले पुढे किती समाधानाने जगतात याचा अभ्यास झाला, तेव्हा दोघांत लोक समजतात तेवढा फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या केनेडी घराण्यातल्या एडवर्ड केनेडी ज्युनियर यांचा पाय 1973 मध्ये, बाराव्या वर्षी, याच आजारात कापावा लागला. पुढे ते वकील झाले, कनेक्टिकट राज्याचे सिनेटर झाले.

माझी एक चूकही सांगते. शाळेत परतल्यावर तो मागच्या बाकावर बसायचा. हाक मारली तरी लक्ष नसायचे, आणि मी दोनदा रागावले. नंतर कळले, सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू येणे कमी होऊ शकते, आधी बारीक, उंच आवाजाचे. माझा आवाज तसलाच! त्याच्या कानांची तपासणी झाली, आता तो पहिल्या बाकावर आहे. दुसरे औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयावर परिणाम करू शकते. केस परत उगवले म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत, त्या अनेक वर्षे चालतात.

आणि त्याचा सवाल? मी काही मुफ्ती नाही. पण ज्याला उभे राहणे किंवा सजदा जमत नाही, त्याने बसून, इशाऱ्याने नमाज अदा करावी, ही सवलत शरीअतनेच दिली आहे. आजारी माणसाला तंदुरुस्तीत करत असलेल्या अमलाचा सवाब मिळत राहतो, असे बुखारी शरीफच्या हदीसमध्ये आहे. एवढे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे तुम्ही अब्बांना सांगाल का? ते मला आता घरीच पढ म्हणतात."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. पुढच्या जुम्याला बाप-लेक दोघे मशिदीत गेले. खुर्ची अब्बांनी स्वतः उचलून नेली.