डासांवरील पाळत

विश्वामित्रीला पूर आला की काठच्या वस्त्यांची दैना सर्वांस दिसते. ऑगस्ट २०२४ मधील पुराची आठवण अजून ताजी आहे. परंतु पूर ओसरल्यावर फुटक्या कुंड्यांत, जुन्या टायरांत व गच्चीवरील उघड्या टाक्यांत जे पाणी उरते, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणपणे आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यू पसरविणारा डास तर घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. तेव्हा केवळ गटारास दोष देऊन भागणार नाही.

हिवतापाचे जंतू डासाच्या जठरात असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे पाहिले. तरीही स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व आठ लाख माणसे दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघर डी. डी. टी. फवारले गेले आणि १९६५ मध्ये रुग्ण लाखाच्या आसपास आले. मात्र यश हाती येताच पाळत सैल झाली. डासही औषधास दाद देईनात. १९७६ मध्ये रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली! रोग नसतानाच सावध राहावे लागते, हा या इतिहासाचा बोध होय.

कोणी म्हणेल, हे काम महानगरपालिकेचे. खरे आहे, पण तिचा कर्मचारी रोज प्रत्येक घरी कसा येणार? आणि आला, तर ‘आमच्याकडे डास नाहीत’ म्हणून आपण त्यास दारातूनच परत पाठवितो. आम्हीही तसे केले आहे, हे कबूल करताना लाज वाटते.

म्हणून आम्हांस वाटते की, प्रत्येक विद्यार्थ्याने दर रविवारी आपल्या घरची पाहणी करावी. पिंप, हौद व कूलर रिकामे करून घासावेत, कारण अंडी कडांना चिकटून राहतात. जे पाणी उपसता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे. हा नेम पावसाळ्यापुरता नसावा. शाळेतील प्रत्येकाने एक घर सांभाळले, तरी शेकडो घरांवर पाळत राहील.