चिठ्ठी वेळेत हवी

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिसची सोय होऊ लागली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतूनही या उपचाराचा खर्च भागतो. ही सोय गरजेचीच होती. पण या खाटांवर येणाऱ्या कित्येकांची मूत्रपिंडतज्ज्ञाशी पहिली गाठ पडते ती धाप लागून, सूज येऊन, तातडीने दाखल झाल्यावरच. आजार मात्र अनेक वर्षांचा असतो. या वर्षांत कोणीतरी लिहून द्यायची चिठ्ठी लिहिलीच गेलेली नसते.

मूत्रपिंड दुखत नाही, हे याचे एक कारण. दुसरे कारण कागदावरच असते. पासष्ट वर्षांच्या मधुमेही बाईंचे क्रिएटिनिन १.९ आले, तर ‘थोडे वाढले आहे, पुढच्या वेळी बघू’ असे सांगून त्यांना घरी पाठवले जाते. वय आणि लिंग धरून हिशेब केला, तर त्यांची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, जेमतेम २९ भरते. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हा आकडा तीसखाली गेला की रुग्ण तज्ज्ञाकडे जायला हवा. लघवीतून सतत बरेच अल्ब्युमिन जात असेल, गाळणक्षमता झपाट्याने घसरत असेल, चार-चार गोळ्यांनीही रक्तदाब आटोक्यात येत नसेल किंवा आजार आनुवंशिक असेल, तर तीसपर्यंतही थांबू नये.

प्रत्येकाला तज्ज्ञाकडे धाडा, असा याचा अर्थ नाही. तज्ज्ञ मोजके, तेही बहुतांशी मोठ्या शहरांत. सौम्य आजाराचे बरेचसे रुग्ण फॅमिली डॉक्टर उत्तम सांभाळू शकतात. म्हणूनच कोणाला ठेवायचे आणि कोणाला पाठवायचे, याचा लेखी नियम हवा. आज ते डॉक्टरांच्या सवयीवर आणि रुग्णाच्या धास्तीवर ठरते. ‘किडनीच्या डॉक्टरकडे गेले की डायलिसिस लावतात’ हा समज गावोगावी आहे. खरे तर वेळेत गेल्यानेच ते लांबवता येते. रक्तदाबाची योग्य औषधे आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या ऱ्हासाचा वेग कमी करतात. पेटंट संपल्याने ही गोळी आता स्वस्तही मिळते. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामकांना लगाम बसतो. डायलिसिस अटळच असेल, तर हातावर केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीला, म्हणजे फिस्टुलाला, तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. तेवढी उसंत मिळाली नाही की मानेत नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. घरात दाता असेल, तर डायलिसिसची वेळ येण्याआधीच प्रत्यारोपण होऊ शकते. उशिरा पोहोचलेल्याच्या हातून ही संधीही निसटते.

यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. क्रिएटिनिनच्या प्रत्येक अहवालावर ईजीएफआर छापणे सरकारी आणि खासगी प्रयोगशाळांना बंधनकारक करावे. ब्रिटनमध्ये ही पद्धत २००६ पासून रूढ झाली. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी मोहिमेत तपासली जातेच. त्यात दोष आढळलेल्यांच्या लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा पाहावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवणीचे निकष भिंतीवर लावावेत. ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरसल्ला सेवेवर मूत्रपिंडतज्ज्ञाचा ठरावीक वार असावा, म्हणजे प्रत्येक शंकेसाठी एसटीने जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागणार नाही. तज्ज्ञानेही उलट चिठ्ठी पाठवून गावच्या डॉक्टरला पुढची दिशा सांगावी. रुग्ण आपल्या हातून कायमचा गेला, ही त्या डॉक्टरची भीती त्यानेच कमी होईल.

डायलिसिस केंद्राची फीत कापता येते, पाठवणीच्या चिठ्ठीची नाही. म्हणून ती मागे पडत आली. यापुढे आरोग्य खात्याने यंत्रांच्या संख्येबरोबर आणखी एक आकडा दरवर्षी जाहीर करावा: डायलिसिस सुरू झालेल्यांपैकी किती जण त्याआधी किमान तीन महिने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होते? कारभाराचा खरा कस या आकड्यावर लागेल.