भस्म, पेला आणि आयन

दिवाळी जवळ आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: सुवर्णभस्मात सोन्याचे नॅनोकण सापडले, म्हणजे आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते! मंडळी, यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा मुलांना सांगण्याआधी एकदा ब्रिटिश म्युझियमला जाऊन या.

तिथे ४१ क्रमांकाच्या दालनात लायकर्गस पेला आहे. चौथ्या शतकातला, रोमन. बाहेरून उजेड पडला की हिरवा, आतून आला की माणकासारखा लाल. काचेतल्या सोन्याचांदीच्या सुमारे ७० नॅनोमीटरच्या कणांची ही करामत. पण अशा काचेचा हा एकच अखंड पेला उरला आहे, बाकी मोजके तुकडे. कारागिरांना तो रंग हुकमी जमत नसावा, असे मला वाटते. रोमनांना नॅनोतंत्रज्ञान येत होते असे आपण म्हणू का?

हुकमी जमणे म्हणजे काय, ते आयन-रोपणात दिसते. चांदीचे आयन हजारो व्होल्टच्या जोराने काचेवर मारायचे. ते किती खोल घुसणार हे व्होल्टेजवर ठरते. खोली जेमतेम काही दशक नॅनोमीटर. विद्युतभार मोजला की किती आयन गेले तेही कळते: दर चौरस सेंटिमीटरला एकावर सोळा शून्ये, कधी त्याहून जास्त. एवढी चांदी काचेत विरघळूच शकत नाही. पाकात साखर जास्त झाली की खडे धरते ना, तसे अणू एकत्र येऊन कण होतात. ते वाढवायचे तर काच तापवायची. हे कण निळा-जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून काच पिवळी दिसते. एवढे करूनही सगळे कण एका मापाचे होत नाहीत, आणि संशोधक ते उघडपणे लिहितात.

भस्म करणाऱ्या वैद्याचे कौतुक जरूर करा. पुटामागून पुटे द्यायची, भस्म बोटांच्या रेषांत भरते का, पाण्यावर तरंगते का, हे तपासायचे. ती अस्सल कसबाची परीक्षा होती. पण कण किती मोठा आणि का, हे त्याला ठाऊक होते असे सांगितलेत, तर इथे वाढलेली मुलगी विचारणारच, "पण त्यांना कसं कळलं?" उत्तर नसले की ती वैद्याचे खरे कसबही थापांतच जमा करते. मला काळजी आहे ती याची.

म्युझियमला प्रवेश फुकट आहे. हाफ-टर्मला न्या मुलांना.