दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. माणसाला ही सोय नाही, हे माझी मावसबहीण मात्र विसरली. लग्न ठरताच तिने पुढच्या सहा दातांवर व्हिनिअर बसवून घेतले. फोटो झकास आले. आता दातांची काळजी मिटली, अशा समजुतीने तिने रात्रीचा ब्रश सोडला. दोन वर्षांत हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि एका दाताला कडेने कीड लागली.

व्हिनिअर म्हणजे पोर्सेलिनचा नखाएवढा पातळ पापुद्रा. १९३० च्या सुमारास हॉलिवूडचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटांच्या दातांवर असे पापुद्रे चित्रीकरणापुरते चिकटवीत. आज ते पक्के बसवतात आणि त्यासाठी बहुधा दाताचे कवच सुमारे अर्धा मिलिमीटर घासतात. नख पुन्हा वाढते, हे कवच वाढत नाही.

पोर्सेलिन किडत नाही, हे खरे. पण दाताची मागची बाजू उघडीच राहते आणि हिरडीलगतच्या सांध्यात कीटण साचते. तिथून आतला दात पोखरला, तर वरचा पापुद्रा कशाच्या आधाराने टिकणार?

मित्रहो, नटण्याला माझा विरोध नाही. दात तुटला असेल, डागाळला असेल, तर खुशाल व्हिनिअर बसवा. पण आधी कीड आणि हिरड्या यांवर उपचार करून घ्या. नंतरही दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करा, दातांमधल्या फटी दोऱ्याने साफ करा. भिंतीला ओल आली असताना रंगाऱ्याला बोलावू नये; आधी गवंड्याला बोलवावे.